स्वयंपाकघरात कोण उभे आहे?

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला कालांतराने एक खोड जडते. तो कोठेही गेला तरी समोरच्या व्यवसायाचा ताळेबंद मनातल्या मनात मांडू लागतो. रसवंतीगृहात बसला तर दिवसाला किती पेले खपत असतील याचा हिशेब करतो आणि लग्नाच्या पंगतीत बसला तर मंडपाच्या भाड्याचा. मागील ऑक्टोबर महिन्यात तीन आठवड्यांच्या रजेवर थोरल्या बहिणीकडे अमेरिकेत गेलो, तेव्हा ही खोड घरीच ठेवून जाण्याचा निश्चय केला होता. तो निश्चय शिकागोच्या एका उपनगरात, एका छोट्या उपाहारगृहाच्या टेबलावर मोडला. त्या एका संध्याकाळने माझ्या शाखेतील एका कर्जप्रस्तावाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. म्हणूनच केवळ एका भोजनाची ही हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम त्या प्रस्तावाविषयी. ग्राहकाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. माझी शाखा ठाणे जिल्ह्यातील एका वाढत्या उपनगरात आहे. एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात अकरा वर्षे काढलेला एक तरुण स्वतःचे उपाहारगृह काढण्यासाठी आमच्याकडे आला होता. मुद्रा योजनेच्या ‘तरुण’ गटात, म्हणजे पाच ते दहा लाख रुपयांच्या मर्यादेत, त्याला नऊ लाखांचे कर्ज हवे होते. बसण्याची सोय चाळीस जणांची. पहिल्या महिन्यापासून ऐंशी टक्के टेबले भरलेली राहतील, असा त्याचा अंदाज होता. मी टिपणीत लिहिले, “अंदाज अतिशय आशावादी. अर्जदारास व्यवसाय चालविण्याचा पूर्वानुभव नाही.” काही खुलासे मागवून मी प्रस्ताव परत पाठविला आणि विमानात बसलो. जाताना तो तरुण एवढेच म्हणाला होता, “साहेब, आकडे मला नीट मांडता येत नाहीत. पण चूल मीच सांभाळणार आहे.” या वाक्यासाठी आमच्या छापील अर्जात रकाना नव्हता.

उपनगरांचे जेवण

माझी बहीण नेपरव्हिल येथे राहते. शिकागोच्या पश्चिमेस सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर असलेले हे गाव आज दीड लाख वस्तीचे आहे आणि तेथे भारतीयांची, त्यात मराठी कुटुंबांचीही, चांगली संख्या आहे. शिकागोच्या युनियन स्थानकातून ऑरोरापर्यंत जाणाऱ्या लोहमार्गावर हे गाव लागते. त्याच मार्गावर रिव्हरसाइड नावाचे उपनगर आहे. त्याचा आराखडा १८६९ मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स या जोडीने आखला. वळणदार रस्ते, झाडे, बैठी घरे, सकाळच्या गाडीने शहरात जाणारी आणि संध्याकाळच्या गाडीने परतणारी माणसे, हा उपनगरी जीवनाचा साचा तेथे दीडशे वर्षांपूर्वीच आकाराला आला. सकाळची गर्दीची गाडी पाहून मला आपल्या लोकलची आठवण झाली. फरक एवढाच की तेथे सर्वांना बसायला मिळत होते.

अशा उपनगरांत माणूस झोपायला येतो आणि मौजेसाठी शहरात जातो, असा सार्वत्रिक समज आहे. जेवणाच्या बाबतीत तर तो बराच काळ खराही होता, कारण उपनगरांतील हमरस्त्यांवर राज्य होते ते साखळी उपाहारगृहांचे. या साखळ्यांतील सर्वांत विख्यात साखळीचा इतिहास याच परिसराशी निगडित आहे. रिचर्ड व मॉरिस मॅकडोनल्ड या बंधूंनी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियात झटपट सेवेची जी पद्धत बसविली, ती रे क्रॉक यांनी शिकागोच्या डेस प्लेन्स या उपनगरात आणली आणि १५ एप्रिल १९५५ रोजी तेथे आपले पहिले दुकान उघडले. पुढे २०१८ पर्यंत या कंपनीचे मुख्यालयही ओक ब्रुक या उपनगरात होते. या पद्धतीचे मर्म असे की, पदार्थाचे वजन, तेलाचे तापमान आणि तळण्याचा वेळ एकदा ठरवून दिला की स्वयंपाकघरात कोण उभे आहे याला महत्त्व उरत नाही. ग्राहकाला मिळणारी हमी ही पद्धतीची असते, माणसाची नसते. बँकेतील माणसाने या विचाराला नावे ठेवू नयेत. आपलेही बरेचसे कामकाज याच तत्त्वावर चालते.

परंतु याच देशात याच्या नेमका उलट विचारही रुजला. २८ ऑगस्ट १९७१ रोजी अ‍ॅलिस वॉटर्स यांनी कॅलिफोर्नियातील बर्कले येथे ‘शे पानिस’ हे उपाहारगृह सुरू केले. त्या दिवशी बाजारात जे उत्तम मिळेल त्यावरून त्या दिवसाचे जेवण ठरवायचे, शेतकऱ्याशी थेट नाते ठेवायचे आणि चवीला भाजी-फळांच्या ताजेपणाचा आधार द्यायचा, ही तिथली रीत. आज ज्याला ‘समकालीन अमेरिकन’ पाकशैली म्हणतात, तिच्या मुळाशी हा विचार आहे. तंत्र बरेचसे फ्रेंच, माल आसपासच्या शेतांतला आणि मसाल्याच्या बाबतीत मेक्सिकोपासून जपानपर्यंत कोणाशीही सोवळे नाही, अशी तिची स्थूल व्याख्या करता येईल. तिला ठरावीक पदार्थांची यादी नाही. म्हणूनच ती शिजविणाऱ्याच्या रुचीवर आणि सचोटीवर अवलंबून राहते, आणि म्हणूनच तिच्या बाबतीत शेफने स्वतः मालक असणे याला विशेष अर्थ प्राप्त होतो.

शिकागोत या परंपरेला बळ दिले ते चार्ली ट्रॉटर यांनी. त्यांच्याच नावाचे उपाहारगृह १९८७ पासून २०१२ पर्यंत चालले. १९९८ मध्ये ‘ग्रीन सिटी मार्केट’ हा शेतकरी बाजार सुरू झाला आणि शेफ व शेतकरी यांची गाठ घालून देणारी जागा शहराला मिळाली. उपनगरेही मागे नव्हती. शिकागोच्या उत्तरेकडील व्हीलिंग या गावी जाँ बाँशे या फ्रेंच शेफने १९७३ मध्येच ‘ल फ्राँसे’ उघडले होते आणि शहरातले खवय्ये उलट दिशेने, उपनगराकडे, जेवायला जाऊ लागले होते. २००४ मध्ये पॉल विरांट यांनी नेपरव्हिलच्याच लोहमार्गावरील वेस्टर्न स्प्रिंग्ज येथे ‘वी’ हे उपाहारगृह काढले. त्यांची ख्याती होती ती लोणची, मुरंबे आणि सिरक्यात मुरविलेल्या भाज्यांसाठी. या विषयावरचे त्यांचे पुस्तकही २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. जेथे वर्षाचे चार-पाच महिने जमिनीतून काही उगवत नाही, तेथे स्थानिक मालावर स्वयंपाक करायचा तर बरणी भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. आपल्या आजीने हे सांगायला पुस्तक लिहिले नाही, एवढेच.

शेहेचाळीस खुर्च्या

ताई आणि भावोजींच्या लग्नाचा विसावा वाढदिवस मी तेथे असतानाच आला. त्या निमित्ताने आम्ही चौघे, म्हणजे ती दोघे, माझी भाची आणि मी, याच लोहमार्गावरील एका लहान उपनगरातील मालक-शेफच्या उपाहारगृहात गेलो. त्याचे नाव येथे देत नाही, कारण हा लेख जाहिरात नव्हे; आणि पुढे सांगणार असलेला एक प्रसंग कोणाच्या नावावर जमा व्हावा अशीही इच्छा नाही.

जागा स्थानकापासून चार मिनिटांच्या अंतरावर. पूर्वी तेथे लोखंडी सामानाचे दुकान होते. विटांच्या भिंती तशाच ठेवलेल्या, लाकडी जमीन चालताना किंचित कुरकुरणारी. मी सवयीने खुर्च्या मोजल्या, शेहेचाळीस भरल्या. दर्शनी दालन आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत नव्हती, छातीइतक्या उंचीचा एक ओटा होता. त्या ओट्यापलीकडे पांढऱ्या डगल्यातील पंचेचाळिशीचा एक गृहस्थ उभा होता. तो फारसे शिजवताना दिसला नाही. बाहेर जाणारे प्रत्येक ताट त्याच्यासमोर येई. तो ते क्षणभर पाही, कडेला पडलेला थेंब फडक्याने पुसी, मान हलवी आणि मगच ते ताट टेबलाकडे निघे. आमच्या शाखेत धनादेशावरील सही तपासणारे जुने हेडकॅशियर असेच मान हलवीत.

पदार्थांची यादी एका पानाची होती आणि तिच्यावर त्या दिवसाची तारीख छापलेली होती. पाच-सहा आरंभीचे पदार्थ, सात मुख्य, चार गोड. खाली बारीक अक्षरांत शेतांची नावे होती. भावोजी शाकाहारी. यादीत त्यांच्यासाठी एकच मुख्य पदार्थ होता. पण तो नावापुरता ठेवलेला नव्हता. मक्याच्या कण्यांचा मऊसर घाटा, त्यावर लोण्यात परतलेली तीन प्रकारची अळिंबी आणि कडेला सिरक्यात मुरविलेल्या हिरव्या पाती. या पाती कसल्या, असे विचारता वाढणारी तरुणी म्हणाली, “एप्रिलमध्ये रानातून खुडलेल्या रानलसणीच्या. तेव्हा भरलेल्या बरण्या आता संपत आल्या आहेत.” शिकागो हे नाव याच वनस्पतीच्या ‘शिकाग्वा’ या मूळ रहिवाशांच्या भाषेतील नावावरून पडले, असे मानले जाते. ज्या मातीने शहराला नाव दिले, तिची चव सहा महिन्यांनंतर बरणीतून आमच्या ताटात आली होती.

मी भाजलेल्या भोपळ्याचे सूप आणि कोंबडीचा एक पदार्थ मागविला. सोबत मिनेसोटातील ‘वाइल्ड राइस’ होता. नावात तांदूळ असला तरी तो आपल्या तांदळाचा दूरचा नातलग, पाण्यात उगवणाऱ्या गवताचे लांबट काळे बी. दाताखाली किंचित करकरणारा आणि भाजलेल्या दाण्यांसारखा खमंग. कोंबडीत मसाला जवळजवळ नव्हताच. मीठ, मिरे, एखादी सुगंधी पाला-पत्री आणि तिच्याच हाडांचा आटवलेला रस. पहिल्या घासाला आपली मराठी जीभ काहीतरी शोधत राहते. तिसऱ्या घासाला तिच्या ध्यानात येते की येथे शोधायचे नाही, थांबायचे आहे. भाचीने यादीतले सर्वांत महाग ताट निवडून वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिले. भावोजी मला म्हणाले, “रुपयांत गुणाकार करू नकोस. घास खाली उतरणार नाही.” आम्ही कोणी मद्य घेतले नाही, त्या ऋतूतला सफरचंदाचा ताजा रस घेतला. अशा उपाहारगृहांचा नफा पुष्कळसा मद्यावर असतो हे मला ठाऊक होते. त्यामुळे त्या रात्री सर्वांत कमी किफायतीचे टेबल आमचेच असणार, याविषयी माझी खात्री झाली.

परत गेलेले ताट

ताईने सुपीरियर सरोवरातील व्हाइटफिश हा मासा मागविला होता. दोन घास खाऊन तिने काटा खाली ठेवला. मासा जास्त शिजून कोरडा झाला होता. कोकणातल्या आजोळी वाढलेल्या माणसाला ते कळायला वेळ लागत नाही. मी म्हटले, “सांग ना त्यांना.” ती म्हणाली, “राहू दे रे. आजचा दिवस चांगला चाललाय. कशाला उगाच?” आपल्याकडच्या पुष्कळ बायका आयुष्यभर हेच म्हणत आलेल्या असतात.

वाढणाऱ्या तरुणीने मात्र ताट पाहिले. तिने काही विचारले नाही. ती सरळ ओट्याकडे गेली. दुसऱ्याच मिनिटाला तो पांढऱ्या डगल्यातला गृहस्थ स्वतः आमच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. त्याने काट्याने माशाचा एक पापुद्रा सोडवून पाहिला आणि ताईला म्हणाला, “हे ताट माझ्या नजरेखालून गेले आणि मी ते जाऊ दिले. चूक माझी आहे. मला बारा मिनिटे द्याल?” भट्टीवर काम करणाऱ्या मुलाचा त्याने उल्लेखही केला नाही. बारा मिनिटांनी दुसरा मासा आला. त्याची साल कुरकुरीत होती, आतला भाग ओलसर होता आणि वर लिंबाच्या सालीचा किस होता. ताई शेवटच्या घासापर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, “आता कळलं हा काय म्हणत होता ते.”

या प्रसंगावर मी रात्री बराच वेळ विचार केला. साखळी उपाहारगृहातही तक्रारीची दखल घेतली जाते. तेथे व्यवस्थापक येतो, नियमाप्रमाणे दिलगिरी व्यक्त करतो आणि पुढच्या भेटीसाठी सवलतीचे कूपन देतो. त्यात खोटे काही नाही. परंतु ‘हे मी जाऊ दिले’ असे म्हणू शकेल असा माणूस तेथे नसतो, कारण ती व्यवस्थाच कोणा एकावर विसंबू नये अशा हेतूने उभी केलेली असते. मालक-शेफच्या उपाहारगृहात आपण जी जास्तीची किंमत मोजतो, ती या एका वाक्याची.

हमीपत्रावरील सही

उपनगरे लवकर झोपतात. साडेनऊनंतर दालनात दोन-तीनच टेबले उरली आणि तो गृहस्थ प्रत्येक टेबलाशी थोडे थोडे बोलत आमच्याकडे आला. मी बँकेत कर्जविभाग पाहतो असे भावोजींनी सांगताच तो हसून म्हणाला, “मग बरे झाले, दुसरा मासा चांगला निघाला.” पुढची पंधरा मिनिटे मी प्रश्न विचारीत होतो आणि तो ओट्याला टेकून उत्तरे देत होता.

बारा वर्षे त्याने शहरातील इतरांच्या स्वयंपाकघरांत काढली होती. नंतर पत्नीच्या मदतीने २०१६ मध्ये ही जागा घेतली. भांडवलासाठी त्याने ‘७ अ’ योजनेखाली बँकेचे कर्ज घेतले. अमेरिकेत १९५३ मध्ये स्थापन झालेली लघुउद्योग प्रशासन ही सरकारी संस्था या योजनेखाली स्वतः कर्ज देत नाही. बँकेने दिलेल्या कर्जाची हमी घेते. कर्जाची कमाल मर्यादा पन्नास लाख डॉलर. दीड लाख डॉलरपर्यंतच्या कर्जास सामान्यतः ८५ टक्के आणि त्यापुढील कर्जास ७५ टक्के हमी मिळते. परंतु व्यवसायात वीस टक्के वा अधिक मालकी असलेल्या प्रत्येकाला वैयक्तिक हमीपत्रावर सही करावी लागते. “त्या कागदावर सही केली त्या रात्री मला झोप आली नाही,” तो म्हणाला. “घर आमच्या दोघांच्या नावावर होते. तिनेही सही केली. मासा कोरडा झाला तर जबाबदार कोण, ते त्या दिवशीच ठरले.”

मी त्याला खुर्च्यांविषयी विचारले. आरंभी त्या सत्तर होत्या, असे त्याने सांगितले. शेजारचा गाळाही घेतला होता. शनिवारी ते दालन भरे, मंगळवारी रिकामे राही. भाडे मात्र सातही दिवस चढे. “पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडे उत्तम भट्टी होती, जानेवारीचे पगार द्यायला पैसे नव्हते. मी यंत्रांसाठी कर्ज मागितले होते, वाट पाहण्यासाठी मागितले नव्हते.” दुसऱ्या वर्षी त्याने शेजारचा गाळा सोडला. वाट पाहण्याचे पैसे! आम्ही त्याला खेळते भांडवल म्हणतो. पण इतकी नेमकी व्याख्या मला एम.कॉम.च्या कोणत्याही ग्रंथात आढळली नव्हती.

व्यवसायाचे गणित त्याने बोटांवर मांडून दाखविले, आणि ते या क्षेत्रातील सर्वसाधारण ठोकताळ्यांशी जुळणारे होते. शंभर डॉलरच्या विक्रीत तीसच्या आसपास मालाला जातात, तीस ते पस्तीस पगारांना. भाडे, विमा, वीज, वायू, दुरुस्ती भागवून मालकाच्या हाती तीन ते पाच डॉलर राहिले तर वर्ष चांगले गेले म्हणायचे. दुसऱ्यांदा शिजविलेला तो एक मासा किती ताटांचा नफा घेऊन गेला, हे वाचकांनीच ठरवावे.

मार्च २०२० मध्ये इलिनॉय राज्याने उपाहारगृहांत बसून जेवण्यास बंदी केली, तेव्हा त्याचे चौथे वर्ष चालू होते. पगारांसाठी केंद्र सरकारने दिलेल्या, आणि अटी पाळल्यास माफ होणाऱ्या, कर्जावर काही महिने निघाले. २०२१ मध्ये खास उपाहारगृहांसाठी २,८६० कोटी डॉलरचा साहाय्यनिधी आला. त्यासाठी पावणेतीन लाखांहून अधिक अर्ज आले आणि सुमारे एक लाख अर्जदारांना पैसे मिळाले. हा न मिळालेल्यांपैकी होता. ते सांगताना त्याच्या स्वरात कडवटपणा नव्हता. त्या काळात त्याने बरण्या विकल्या, डबे दिले आणि गावाने ते घेतले. “स्थानकावरून घरी जाताना लोक मुद्दाम इकडून जात. मी शहरात असतो तर वाचलो नसतो,” तो म्हणाला. उपनगर म्हणजे केवळ झोपायचे ठिकाण, हा माझा समज तेथे गळून पडला.

शेवटी मी बँकेच्या माणसाचा प्रश्न विचारलाच. “आपण आजारी पडलात तर?” तो थोडा थांबला. “दोन दिवस नसलो तर कोणाला कळत नाही. पाच दिवस नसलो की कळते. म्हणून गेल्या वर्षी माझ्या हाताखालच्या मुलीला मी भागीदार केले. आज मासा तिनेच दुसऱ्यांदा केला.” ज्या मुलाच्या हातून पहिला मासा बिघडला होता, तो तेव्हा ओटा पुसत होता. आमच्याकडे पाहून तो ओशाळवाणे हसला.

बिल

बिलात पहिला मासा नव्हता, दुसराही नव्हता. एकूण २६० डॉलर, वर सुमारे आठ टक्क्यांनी २१ डॉलर कर. आणि मग बक्षिसी, जिला तेथे सर्वजण टीप म्हणतात. ती ऐच्छिक आहे असे म्हणतात. पण अशा ठिकाणी अठरा ते वीस टक्के देण्याचा प्रघात आहे. त्यामागे वेतनाचा कायदा आहे. इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०२५ पासून किमान वेतन ताशी १५ डॉलर झाले. परंतु टीप मिळणाऱ्या कामगारास मालकाने त्याच्या साठ टक्के, म्हणजे ९ डॉलर, दिले तरी चालतात. उरलेली भर ग्राहकाच्या टीपेतून पडावी, न पडल्यास मालकाने भरावी, अशी योजना. केंद्रीय कायद्यात तर हा दर १९९१ पासून २ डॉलर १३ सेंटच आहे. म्हणजे ताट पुसून देणारा मालक, ताट पाहून ओट्याकडे जाणारी तरुणी आणि आम्ही, असे तिघे मिळून तो पगार भरत होतो. भावोजींनी वीस टक्क्यांनी ५२ डॉलर लिहिले. ताईने पेन मागून घेतले आणि ताटात नसलेल्या माशाचे धरून ते ६० केले.

परतल्यावर

भारतात परतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तो प्रस्ताव पुन्हा काढला. आकडे तेच होते आणि माझे आक्षेपही चूक नव्हते. उपाहारगृहांचा व्यवसाय खरोखरच धोक्याचा आहे. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या कोलंबस शहरातील उपाहारगृहांचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या वर्षातच सुमारे २६ टक्के आणि तीन वर्षांत सुमारे ६० टक्के उपाहारगृहे बंद पडल्याचे वा त्यांचे मालक बदलल्याचे आढळले. पहिल्या वर्षी दहांतील नऊ बुडतात अशी जी दंतकथा आहे, ती या अभ्यासाने खोटी पाडली. पण जे सत्य उरले तेही दिलासा देणारे नव्हते. अपयशाच्या कारणांत, घर आणि धंदा या दोहोंना वेळ पुरा न पडणे हेही एक कारण मालकांनी सांगितले होते. ठेवीदारांचा पैसा हाताळणाऱ्याने हे विसरून चालत नाही. एका सुखद संध्याकाळीवर कर्ज मंजूर होत नसते.

म्हणून मी त्या तरुणाला कार्यालयात न बोलावता त्याच्या नियोजित गाळ्यावर गेलो. सोबत त्याची पत्नी होती. हिशेब ती ठेवणार होती, हे मला प्रथमच कळले, कारण आधी मी विचारलेच नव्हते. “सकाळी मासळी कोण आणणार?” “मीच, साहेब.” “तुम्हाला ताप आला तर?” तो गप्प राहिला. मग त्याच्या पत्नीने उत्तर दिले, “याच्याबरोबर हॉटेलात काम केलेला एक मुलगा यायला तयार आहे. पण त्याचा पगार आम्ही कागदावर धरला नाही. कर्ज मिळणार नाही असं वाटलं.” आम्हाला बरे वाटावे म्हणून त्यांनी आकडे फुगविले होते, आणि ते फुगलेले आहेत म्हणून मी ते परत पाठविले होते. दोष अर्धा त्यांचा होता. उरलेला कोणाचा, ते सांगण्याची गरज नाही.

त्या ओट्यावरच आम्ही नवा हिशेब मांडला. चाळीसऐवजी चोवीस खुर्च्या. भट्टी आणि शीतपेटी वापरलेली, पण सुस्थितीतली. सहाय्यकाचा पगार पहिल्या महिन्यापासून खर्चात. टेबले निम्मीच भरतील असे गृहीत. आणि पावसाळ्याच्या मंदीसाठी सहा महिन्यांच्या भाड्याइतके खेळते भांडवल वेगळे. एकूण मागणी नऊ लाखांवरून सात लाखांवर आली. प्रस्ताव रीतसर वरिष्ठांकडे गेला, त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि मग तो मंजूर झाला. मंजुरीच्या टिपणीत ‘अन्य शेरा’ असा एक रकाना असतो. बहुधा आम्ही तो कोरा सोडतो. त्यात मी लिहिले, “अर्जदार स्वतः स्वयंपाकघरात उभा राहणार आहे.”

ज्या वाचकांच्या मनात असा एखादा छोटा उद्योग घोळत असेल, त्यांना एवढीच विनंती की, बँकेत येताना आम्हाला आवडतील असे आकडे आणू नयेत. खरे आणावेत, आणि वाट पाहण्याचे पैसे त्यात धरावेत. ज्या प्रश्नासाठी अर्जात रकाना नाही, तो विचारण्याचे काम आमचे आहे.

ते उपाहारगृह आता सुरू झाले आहे. मी एकदा सहकुटुंब जाऊन आलो आणि बिल चुकते करून आलो. सुरमई उत्तम होती, सोलकढी अंमळ खारट. तसे मी स्पष्ट सांगितले. तो स्वतः बाहेर आला, वाटी उचलून घेऊन गेला आणि दुसरी घेऊन आला. आजवरचे हप्ते वेळेवर आले आहेत. पहिला पावसाळा अजून यायचा आहे.